चेहरे बारक्याकडे, कपडे ताईकडे

ताईचं दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्री, एक उभा आरसा आणि भिंतीभर लटकलेल्या दुसऱ्यांच्या पँटी. नवीन कपडे ती शिवत नसे. मोठं लहान करायचं, लहान मोठं करायचं, उसवलेलं सांधायचं, चेन बदलायची. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं दुखण्याने वजन उतरलं, थोरल्याचा कोट धाकट्याच्या अंगावर कधी आला, हे सगळं गल्लीच्या आधी ताईला कळायचं. टाचण्या ओठांत धरून ती माप घ्यायची आणि तशीच बोलायची. त्यामुळे नवख्या गिऱ्हाइकाला तिचं निम्मं बोलणं कळायचं नाही आणि उरलेल्या निम्म्याची धास्ती वाटायची.

तिचा धाकटा भाऊ बारक्या. हे नाव त्याला लहानपणी चिकटलं ते केस पांढरे झाले तरी सुटलं नाही. अंगाने तो चांगला दांडगा होता, दारातून आत येताना मान वाकवायचा, तरी बारक्याच. तो एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या करायचा. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे, त्यावरून तो प्लास्टरचे साचे ओतायचा, मेणात दात बसवायचा, हिरडीचा गुलाबी रंग जुळवायचा. ज्यांचे दात करायचा ती माणसं त्याला कधी दिसायची नाहीत. "अख्ख्या गावाला हसवतो मी," तो म्हणायचा, "आणि एकही जण मला ओळखत नाही."

बारक्याची बायको त्यांची मुलगी कॉलेजात असतानाच गेली. मुलगी पुढे दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. ताईचं लग्न एकदा जमून मोडलं होतं आणि तो विषय घरात कुणी काढत नसे. तेव्हा आईवडिलांच्या त्या तीन खोल्यांत शेवटी बहीणभाऊच उरले. भांडायची खूप. पंख्यावरून, वर्तमानपत्राच्या घडीवरून, नळ नीट बंद करण्यावरून. पण रविवारी जेवणं आटोपली की मधल्या खोलीतलं टेबल मोकळं व्हायचं, दिवा खाली ओढला जायचा, आणि दोघं समोरासमोर बसून सैनिक रंगवायची.

हे वेड फार जुनं. बारक्या शाळेत असताना त्याला कावीळ झाली आणि तो कितीतरी दिवस अंथरुणाला खिळला. तेव्हा खालच्या मजल्यावरचे मास्तर घर सोडून चालले होते. त्यांनी जाताना एक गंजका डबा त्याच्या उशाशी ठेवला. आत बोटभर उंचीचे धातूचे सैनिक. रंग उडालेले, एकाची बंदूक मोडलेली, दुसऱ्याचा घोडा हरवल्यामुळे तो पाय फाकवून हवेतच बसलेला. ताईने फाटकाचा उरलेला हिरवा रंग आणला, आईची नखं रंगवायची बाटली पळवली आणि भावाच्या पलंगावर बसून सैनिकांचे डगले रंगवायला घेतले. एकाच्या तोंडाला ती ब्रश लावणार तेवढ्यात पिवळाधमक बारक्या उठून बसला.

"तोंडं मी करणार."

"तुला उठायची बंदी आहे."

"उठलोच नाही. बसलोय. तोंडं माझी, कपडे तुझे."

तेव्हापासून हा करार कायम राहिला. चेहरे बारक्याकडे, कपडे ताईकडे. पुढे बाजारात चांगले सैनिक मिळायला लागले, पांढऱ्या धातूचे, बिनरंगी. ताई आधी त्यांची ओतकामाची कड कानशीने घासून काढायची, करड्या रंगाच्या अस्तराचा पहिला हात द्यायची, मग कपडे. कापड अंगावर कसं पडतं, कोपराला कुठे चुणी येते, ओलं झाल्यावर कोट खांद्यावर कसा ओढला जातो, हे तिला सांगायला लागत नसे. बटणं सुईच्या टोकाने. मग तो सैनिक टेबलावरून पलीकडे सरकायचा. बारक्या चष्म्यावर दुसरा चष्मा चढवायचा, मनगट टेबलाच्या कडेला टेकवायचा, श्वास सोडायचा आणि एका दमात डोळा काढायचा. थंडीने नाक लाल झालेलं, दाढी वाढल्याची निळसर छटा, दात नसलेल्या म्हाताऱ्याचा आत गेलेला ओठ. ताई मान वाकडी करून बघायची आणि म्हणायची, "झाला बाबा जिवंत."

गावात अशा हौशी लोकांचा एक गट होता. वर्षातून एकदा ते वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचे. गटाच्या अध्यक्षांना सगळे कर्नल म्हणत. त्यांनी उभा जन्म विमा कंपनीत काढला होता. सैन्याशी त्यांचा संबंध एवढाच की ते चालताना हात मागे बांधत. पण माणूस सोन्यासारखा. दर वर्षी ते टेबलांमधून फिरायचे आणि बारक्याच्या सैनिकांपाशी आले की टोपी काढायचे.

या कर्नलनीच एकदा म्हटलं, "अहो, सुटे सुटे सैनिक किती दिवस? काहीतरी मोठं करा. एखादी लढाई जिंकल्याचा देखावा करा."

"जिंकलेल्यांचं काय रंगवायचं?" बारक्या म्हणाला. "नुसते दात. ते मी आठवडाभर करतोच की."

घरी येताना त्याने ताईला सांगितलं की आपण माघार करू या. दूरच्या थंड मुलखात जिंकायला गेलेली फौज बर्फातून परत निघाली आहे, घोडे मेलेत, तोफा मागे टाकल्यात, कुणी कुणाला पाठीवर घेतलंय, कुणाच्या पायात बूट नाहीत म्हणून चिंध्या बांधल्यात. ताईला ते एकदम पटलं. आयुष्यभर तिने फाटकं सांधलं होतं, आता पहिल्यांदा मनसोक्त फाटकं करायला मिळणार होतं. दाराएवढी लाकडी फळी आली. बारक्याने लॅबमधून उरलेलं प्लास्टर आणलं आणि बर्फ केला. रविवारमागून रविवार गेले, फळीच्या एका टोकापासून रांग पुढे सरकत राहिली. वर्षं लागली. पण दोघांनाही घाई नव्हती. खरं सांगायचं तर ते संपू नये असंच दोघांना वाटत होतं.

रांग फळीच्या मध्याच्या थोडी पुढे आली आणि बारक्याला लॅबमध्येच अर्धांगाचा झटका आला. हातातला मेणाचा तुकडा खाली पडला, तो उचलायला वाकला आणि तिथेच आडवा झाला.

जीव वाचला. बोलणं आधी जड झालं, मग हळूहळू सुधारलं. पाय ओढत का होईना, चालायला लागला. उजवा हात मात्र गेला. मांडीवर ठेवला की मांडीवर, टेबलावर ठेवला की टेबलावर. ताई त्याला न्हाऊ घालायची, शर्टाची बटणं लावायची, सूप भरवायची. तो म्हणायचा, "बघ, आता माझेही कपडे तुझ्याकडे." ती हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची.

जरा बरं वाटू लागल्यावर एका रविवारी तो आपणहून टेबलाशी येऊन बसला. डाव्या हातात ब्रश धरला. ताईने सैनिक मोठ्या ठोकळ्यावर चिकटवून दिला, हलू नये म्हणून. बारक्याने श्वास सोडला. ब्रश नाकावरून घसरून टोपीवर गेला.

"डावा हात म्हणजे शेजाऱ्याचं पोर झालंय," तो म्हणाला. "ऐकतच नाही."

"होईल सवय."

"होईल."

त्याने चिंधीने रंग पुसला आणि परत सुरुवात केली. दुसऱ्या रविवारीही तेच. नंतर तर तो रोजच बसू लागला, ताई दुकानातून यायची तेव्हा टेबलावर तोच सैनिक असायचा. पुसून पुसून बिचाऱ्याचं नाक झिजायला आलं होतं. एके दिवशी ती आत आली तर बारक्या डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून ब्रशभोवती वळवत होता. बोटं वळायची आणि सोडली की उघडायची. ताई दारातूनच मागे फिरली, जिना उतरून खाली गेली आणि मुद्दाम पाय वाजवत पुन्हा वर आली.

कर्नल भेटायला आले. म्हणाले, या वर्षी मधलं टेबल तुमच्यासाठी राखून ठेवलंय, जेवढं झालंय तेवढं आणा. बारक्या म्हणाला, "अर्धी फौज बिनचेहऱ्याची आहे हो. तशी कशी आणू?" ते गेल्यावर तो कितीतरी वेळ फळीकडे बघत बसला. ताईने कपडे करून ठेवलेले सैनिक ओळीने उभे होते, डगले, पट्टे, चिंध्या, सगळं जिथल्या तिथे, आणि गळ्याच्या वर नुसतं करडं अस्तर.

ताईने विचार केला तो साधाच होता. मागच्या बाजूचे, फारसे न दिसणारे दोन-चार चेहरे आपण करून टाकावेत. कसेबसे का होईना. त्याचं ओझं तेवढंच हलकं होईल, वर तो हसेल, नावं ठेवेल, चुका सांगेल. बसून सांगायला तर हात लागत नाही. तो दुपारी झोपायचा. ती दुकान बंद करून त्या वेळेला घरी येऊ लागली आणि पुढच्या खोलीत खिडकीशी बसू लागली.

पहिला चेहरा तिने भीतभीत केला. आयुष्यभर समोर बसून बघितलेलं होतं, आधी डोळ्यांच्या खोबणीत काळपट, मग कातडीचा रंग, पांढरा कधीच निव्वळ पांढरा नाही, शेवटी श्वास सोडून बुबुळाचा ठिपका. ठिपका पडला आणि सैनिकाने तिच्याकडे पाहिलं. दुसरा केला. तिसरा एका पोरसवदा सैनिकाचा, जो आपल्याहून मोठ्या माणसाला पाठीवर घेऊन चालला होता. त्याच्या ओठांना तिने किंचित दुमड दिली, रडू आवरताना येते तशी. हातातलं ते एवढंसं डोकं तिने उजेडात फिरवून पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. आत भाऊ लुळा हात उराशी घेऊन झोपला होता आणि ही इथे खुशीत गुणगुणत होती. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसलीच. दोन-चारांचे किती झाले, तिने मोजले नाहीत.

रविवारी तिने ते सगळे टेबलावर मांडले आणि बारक्याला हाक मारली. शाळेत निकालाच्या दिवशी उभी राहायची तशी ती बाजूला उभी राहिली.

बारक्या खुर्चीत बसला. चष्म्यावर चष्मा चढवला. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. पाठीवर माणूस घेतलेला तो पोरगा त्याने बराच वेळ हातात धरला.

"कुणी केले?"

"मी."

"कधी?"

"तू झोपायचास तेव्हा. म्हटलं, मागचे मागचे तरी... तुला हवं तर पुसून टाकू. अस्तर परत मारता येईल."

"वेडी आहेस का? पुसायचे कशाला?" त्याने तो पोरगा अलगद खाली ठेवला. "चांगले आहेत, ताई. फार चांगले आहेत."

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तो खरंच सांगत होता आणि ताईला ते ऐकताक्षणी कळलं. तो टेबलाला धरून उठला, पाय ओढत आपल्या खोलीत गेला आणि टीव्ही लावला. त्या दिवसापासून तो पुन्हा त्या टेबलाशी बसला नाही.

ताईने खूप प्रयत्न केले. रंगांच्या बाटल्या त्याच्या खोलीत नेऊन बघितल्या. हा लाल कोणता रे, म्हणून विचारून बघितलं. तो नीट उत्तर द्यायचा, चिडायचा नाही, तेच तिला सोसत नव्हतं. पूर्वीसारखा नळावरून भांडला असता तरी तिला बरं वाटलं असतं. शेवटी तिने एक गोष्ट केली. एका सैनिकाचा चेहरा घेतला आणि बिघडवला. एक डोळा गालावर उतरवला, मिशी ओठाच्या खाली नेली. तो त्याच्याकडे घेऊन गेली.

"बघ रे, हा पार हुकला माझ्याकडून. काय करू सांग."

बारक्याने टीव्हीचा आवाज कमी केला. सैनिक डाव्या हातात घेऊन दिव्याकडे धरला. त्याच्या ओठाचा एकच कोपरा वर जायचा आता, तो गेला.

"ताई."

"काय?"

"कावीळ झाली होती तेव्हा तू पत्त्यांत मुद्दाम हरायचीस. मला कळायचं."

ताई पलंगाच्या कडेवर बसली. "कळायचं तर बोलला का नाहीस?"

"जिंकायला आवडायचं ना मला." त्याने सैनिक तिच्या तळहातावर ठेवला. "जा, नीट कर त्याला. बिचाऱ्याला समोरचं काय दिसणार?"

हिवाळा सरता सरता त्याला दुसरा झटका आला. या वेळी शुद्ध आलीच नाही. दवाखान्यात त्याला आत नेताना नर्सने ताईला सांगितलं, "आजोबांची कवळी असेल तर काढून जवळ ठेवा, बाई." आणि ताईला हसू फुटलं. बारक्याचे सगळे दात स्वतःचे होते, या वयात एकही हललेला नव्हता, आणि तो जागा असता तर या बोलण्यावर महिनाभर तरी जगला असता. ती भिंतीला टेकून हसत राहिली, तिला थांबताच येईना. नर्सने पाणी आणून दिलं. बारक्या त्यानंतर लवकरच गेला. त्याच्या मुलीला यायला उशीर झाला, भेट झाली नाही.

ताई रडली नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. ती दुकानात जात राहिली, टाचण्या ओठांत धरत राहिली. फक्त कुणी माप द्यायला उजवा हात पुढे केला की ती क्षणभर थबकायची.

प्रदर्शनाचे दिवस आले तेव्हा कर्नल दुकानात येऊन उभे राहिले. हातातली टोपी फिरवत म्हणाले, "मधलं टेबल अजून मोकळंच आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मोकळंच राहील. दुसऱ्या कुणाला देणार नाही."

मग ताई नाही म्हणू शकली नाही. भाची रजा काढून आली. दोघींनी टेंपोत मागे बसून फळी धरून नेली. बिनचेहऱ्याचे राहिलेले सैनिक ताईने डब्यातच ठेवले, रांग जिथे थांबली होती तिथे थांबली. समोर कर्नलनी स्वतःच्या अक्षरात पाटी करून आणली होती: चेहरे भावाचे, गणवेश बहिणीचे.

ताईने ती वाचली. दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दिवसभर माणसं आली. टेबलाशी आली की बोलणं आपोआप हळू व्हायचं. एक मध्यमवयीन बाई, सोबत कुणी नव्हतं, पाठीवर माणूस घेतलेल्या त्या पोराशी येऊन वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग डोळे टिपत ताईला म्हणाली, "याचं तोंड बघवत नाही हो. कुणी केलाय हा?"

"माझ्या भावाने," ताई म्हणाली.

शेजारी उभ्या भाचीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दुपारी हॉल जरा रिकामा झाल्यावर ती आत्याला घेऊन बाहेर पायऱ्यांवर आली.

"आत्या, मघाशी असं का सांगितलंस? तो तर तू केलायस."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. तू त्यांना दाखवलेस ना, त्या दिवशी फोन केला होता मला. म्हणाले, तुझ्या आत्याने चेहरे केलेत, माझ्याहून सरस. म्हणाले, हिने जन्मभर माझ्यासाठी हात आवरला आणि मला कधी कळलं नाही."

"हात आवरला?" ताई म्हणाली. "नाही गं. मला येतं हे मला तरी कुठे ठाऊक होतं? त्यानंतर काय म्हणाला?"

भाची घुटमळली. आपण सांगतोय त्याने आत्याला बरं वाटेल असं समजून तिने सुरुवात केली होती, आता तिला परत फिरता येईना.

"त्यानंतर काही नाही. रडत होते. खूप वेळ. मी फोन धरून ठेवला नुसता."

पायऱ्यांवर ऊन होतं. कुणीतरी सायकल कठड्याला टेकवून आत गेलं. ताईने कठडा धरला आणि हळूहळू खाली बसली. तो असाच समज घेऊन गेला होता, आणि त्याला सांगायला आता काही मार्ग नव्हता. बारक्या, अरे, मी नव्हते रे आवरत. मी फक्त बघत होते तुझ्याकडे. भाचीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि एवढे दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं, तोंड उघडं टाकून, लहान पोराचं येतं तसं. आत जाणारी माणसं बाजूने वाट काढून जात राहिली. कर्नल दारापर्यंत आले, बघितलं, आणि कुणी बाहेर येऊ नये म्हणून दारात पाठमोरे उभे राहिले.

संध्याकाळी आवराआवर सुरू झाली. ताईने तोंड धुतलं, पदर खोचला आणि सैनिक एकेक काढून कापसात ठेवायला घेतले. भाची डबे पुढे करत होती. बारक्याने केलेले ती फुंकर मारून, बघून ठेवत होती. आपण केलेले हाताला लागतील तसे, चेहरा खाली करून.

कर्नल म्हणाले, वाचनालयात एक काचेचं कपाट रिकामं आहे, माघार तिथेच कायमची राहू दे. ताईने होकार दिला. पुढे गटातल्या लोकांनी तिला शिकवायला बोलावलं तेव्हा ती गेली. कापड, चुण्या, बटणं, चिखलाचे डाग, सगळं तिने हातचं न राखता दाखवलं. डोळे रंगवायची वेळ आली की ती ब्रश खाली ठेवायची, सांगायची की यापुढचं तुमचं तुम्ही करा, आणि चहा बघायला उठून जायची.